गाद्या, दऱ्या, गोधड्या, सोफा घरीच साफ करणे : पाणी कमी, ऊन जास्त

निंबोणी (दर्यापूरकडून)
मृग लागायच्या आत घरातले जाड कापड साफ होऊन वाळलेले पाहिजे. एकदा झड लागली की गोधडी चार-चार दिवस वाळत नाही, गादीला कुबट वास धरतो आणि तो दिवाळीपर्यंत जात नाही. म्हणून एप्रिलअखेरच हा चर्चेचा धागा काढते आहे. दऱ्या, गोधड्या, गाद्या, पडदे, नवारीचे पलंग, सोफा, सगळ्यावर इथेच बोलू. मशीन घेऊन घरी येणारे लोक शहरात असतात, खेड्यापर्यंत ते येत नाहीत. घरात असते ते आणि किराणा दुकानात सुटे मिळते ते, एवढ्यावर हे काम नीट होते.

सगळ्यात जास्त चुकते ते आधी सांगते. पाणी लावायच्या अगोदर माती काढा. आपल्याकडची काळी माती अतिबारीक कणांची. पाणी लागले की फुगते, सुकली की भेगाळते. शेतात पायाला जशी लगदा धरते तशीच कापडाच्या धाग्याला धरते. दरी झटकली नाही आणि तशीच बादलीत टाकली, की धुळीचा चिखल होतो, तो विणीत मुरतो आणि कितीही खळबळले तरी कापड राखाडीच राहते. मग लोक साबण वाढवतात. तो साबणही विणीतच अडकतो.

सुती दरी, साधारण ६ बाय ९ फुटांची, अशी धुवा. दोन बांबूंवर किंवा कुंपणाच्या भिंतीवर उलटी टाका, म्हणजे वापरायची बाजू खाली. मागून काठीने बडवा. मागून बडवल्याने माती ज्या वाटेने शिरली त्याच वाटेने बाहेर पडते. धूळ उडणे थांबेपर्यंत बडवायचे, मग जागा बदलायची. त्यानंतर सुलट करून कोरड्या ब्रशने विणीच्या दिशेने ओढा. एवढ्यातच अर्धा मळ जातो.

मग उताराच्या फरशीवर किंवा ओट्यावर पसरा. १५ लिटरच्या बादलीत तीन मोठे चमचे धुण्याची पावडर आणि एक मोठा चमचा धुण्याचा सोडा पूर्ण विरघळवा, दरीवर ओता आणि वीस मिनिटे थांबा. जास्त वेळ नको, सुटलेला मळ परत बसतो. नायलॉनचा ब्रश आडव्या धाग्याच्या दिशेने फिरवा, गोल फिरवू नका, गोल घासले की लोंब निघते. मग हातभर लांब फळी तिरपी धरून काळे पाणी एका टोकाकडे ओढत न्या. ही फळी फार कामाची आहे. चार बादल्या ओतून जे होत नाही ते फळीने दोन बादल्यांत होते. खळबळताना फळीखालून येणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत थांबू नका.

पिळायची नाही. गुंडाळून, बाजेवर उभी-आडवी टाकून तासभर निथळू द्या, मग दोन बांबूंवर पसरा. एकाच तारेवर टाकली तर ओल्या वजनाने मधोमध ताणते आणि तारेच्या गंजाची रेघ कायमची बसते.

तिफण
ताई, सगळे पटले, पण आमच्याकडे बोअरचे पाणी. पावडर टाका नाहीतर साबण घासा, फेसच येत नाही. वाळल्यावर काळ्या पडद्यावर पांढरे पट्टे उरतात. यावर काय करावे?

खारेपाणी (अकोट)
भाऊ, आधी पाणी कोणते ते ओळखा, कारण दोन वेगळे त्रास आहेत आणि उपाय वेगळे.

एक, जड पाणी. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबणाची वडी लावली की त्याचा चिकट पांढरा साका होतो, फेस होत नाही, आणि तो साका कापडावर बसतो. तांब्याभर पाणी उकळून भांड्याला पांढरे पापुद्रे धरतात का ते पाहा. धरत असतील तर जड पाणी समजा. यावर धुण्याचा सोडा चालतो. १० लिटर पाण्यात दोन मोठे चमचे सोडा ढवळून अर्धा तास ठेवा. क्षार तळाशी बसतात. वरचे पाणी दुसऱ्या बादलीत अलगद काढून घ्या आणि त्यात पावडर टाका. वडीचा साबण या पाण्यात वापरूच नका, डिटर्जंट पावडर वापरा, तिचा असा साका होत नाही.

दोन, खारे पाणी. अकोला, अमरावती, बुलढाण्यातला पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा म्हणजे हेच. मीठच पाण्यात आहे, ते सोड्याने जात नाही. धुणे खाऱ्या पाण्यात करा, हरकत नाही, पण शेवटचे खळबळणे गोड्या पाण्यात करा. नळ योजनेचे पाणी आले त्या दिवशी दोन बादल्या राखून ठेवा. हे टाळले तर नुकसान पट्ट्यांपुरते राहत नाही. कापडात उरलेले क्षार पावसाळ्यात हवेतली ओल ओढून घेतात. गोधडी उन्हात कडक वाळवून ठेवली तरी श्रावणात ओलसर लागते ती यामुळे.

पडद्यावर जे पट्टे आधीच पडले आहेत, त्यासाठी १० लिटर पाण्यात एक लहान चमचा लिंबूसत्व किंवा अर्धी वाटी पांढरे व्हिनेगर टाकून पडदा दहा मिनिटे बुडवा आणि साध्या पाण्यातून काढा. एक लक्षात ठेवा, हे आंबट पाणी साबण पूर्ण निघाल्यावरच. वडीचा साबण कापडात उरलेला असताना आंबट लागले तर साबणातले तेल सुटते आणि कापड तेलकट होते.

पावसाळ्यात गढूळ पाण्यासाठी वेगळी गोष्ट. तुरटीचा खडा बादलीत चार-पाच वेढे फिरवा, तासभर गाळ बसू द्या, मगच पांढरे कापड घाला.

सुईदोरा
गोधडी आणि लेप (जाड पांघरूण) यांना दरीचा नियम लावू नका. गोधडीत जुन्या लुगड्यांचे पाच-सहा थर असतात आणि प्रत्येक लुगड्याचा रंग वेगळा. आतल्या थराचा रंग बाहेर येतो. आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने चारी कोपरे आणि ठिगळे दाबून बघा. फडक्यावर रंग आला तर गार पाणी घ्या, सोडा नको, भिजत ठेवू नका, आणि वाळवताना घडी एकमेकीवर येऊ देऊ नका.

"मीठ टाका म्हणजे रंग पक्का होतो" असे बरेच जण सांगतील. रंगवताना मीठ लागते हे खरे. रंगवून तयार झालेल्या कापडाचा सुटा रंग मिठाने बांधला जात नाही. व्हिनेगरनेही सुती कापडाचा बांधला जात नाही. सुटा रंग धुऊन जाऊ देणे आणि तो दुसऱ्या कापडाला लागू न देणे, एवढेच करता येते.

टाके आधी तपासा. सुटलेला धागा असेल तर धुण्याअगोदर चार टाके घाला. ओल्या गोधडीचे वजन त्या एका जागी येते आणि वीतभर शिवण उसवते. काठीने आपटू नका, पायाने तुडवा, टाचेने नाही तर पूर्ण तळव्याने. निथळताना गोधडीखाली दोन्ही हात घालून उचला, कोपरा धरून ओढू नका.

लोकरीचे घोंगडे किंवा ब्लँकेट असेल तर सोडा बिलकुल नको. सोड्याने लोकर खरबरीत होते आणि तुटते. आठ-दहा रिठे फोडून, बी काढून, लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पंधरा मिनिटे उकळा आणि गाळा. तेवढा काढा १० लिटर गार पाण्याला पुरतो. हिंगणाच्या फळाचा गरही असाच फेस देतो, ज्यांच्या बांधावर झाड आहे त्यांना फुकट. लोकरीला गरम पाणी आणि चोळणे एकत्र आले की ती आटते आणि पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

पळसफूल
उत्तम धागा. सोफ्याबद्दल कोणी लिहा. कापडी आहे, हात ठेवायची जागा आणि डोके टेकायची जागा काळी पडली आहे. ओल्या फडक्याने पुसला तर गोल गोल वळ उठले.

रंधा (सोफा, खुर्च्या भरण्याचे काम)
वळ उठले कारण पाणी जास्त आणि जागा थोडी. हे आत काय असते त्यावरून समजून घ्या. कापडाखाली फोम, फोमखाली पट्टे किंवा स्प्रिंग, मग प्लायवूड नाहीतर साधे लाकूड, आणि सगळे खिळे-पिनांवर. फोम पाणी पितो. वरून कापड वाळायला लागले की खालचे पाणी वर चढते आणि येताना फोममधली जुनी घाण सोबत आणते. जिथे ओल संपते त्या कडेवर ती जमा होते. तो तुमचा वळ. आणखी पाणी मारले तर वळ मोठा होतो. शिवाय पिना गंजतात आणि महिनाभराने कापडावर लाल ठिपके येतात. लाकूड नवे असेल तर त्याचा तपकिरी रसही वर येतो.

म्हणून सोफ्याला पाणी लावायचेच नाही, फेस लावायचा.

आधी कोरडे काम. गाद्या सुट्या होत असतील तर काढा. फटींमधला कचरा ब्रशने बाहेर ओढा. व्हॅक्यूम नसेल तर सोफ्यावर ओलसर करून घट्ट पिळलेली चादर पसरा आणि तिच्यावरून हलक्या हाताने थापटा. धूळ खोलीभर उडण्याऐवजी चादरीला चिकटते. चादर धुवा, पुन्हा एकदा करा.

मग मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात परीक्षा घ्या. फेस लावा, पाच मिनिटांनी पांढऱ्या फडक्याने दाबा. रंग आला किंवा वाळल्यावर कापड आखडले तर तिथेच थांबा. असे कापड फक्त कोरडे झटकायचे.

एक लिटर कोमट पाण्यात एक लहान चमचा भांड्यांचे लिक्विड. एवढेच, जास्त नको. पसरट पातेल्यात स्पंजने फेटा, घट्ट फेस येतो. ब्रश पाण्यात बुडवू नका, वरचा फेस तेवढा उचला. एक भाग घ्या, म्हणजे एक पूर्ण बाजू, या शिवणीपासून त्या शिवणीपर्यंत. अर्ध्यात थांबलात तर तिथेच वळ पडेल. हलक्या हाताने फिरवा, दोन मिनिटे ठेवा, मग साध्या पाण्यात बुडवून कडक पिळलेल्या फडक्याने पुसा. फडके दर वेळी नव्या घडीवर फिरवा. तिसऱ्यांदा पुसताना कापड हाताला बुळबुळीत लागता कामा नये. लिक्विड उरले तर तीच जागा आठ दिवसांत पुन्हा काळी होते, कारण उरलेला साबण चिकट असतो आणि धूळ धरतो. सोफा धुतल्यावर लवकर मळतो अशी तक्रार असते, त्यामागे बहुतेक हेच.

शेवटी कोरडा जाड टॉवेल घडी करून ठेवा आणि त्यावर दोन्ही हातांनी पूर्ण वजन देऊन दाबा. टॉवेल ओला झाला की दुसरा घ्या. मशीन जे ओढून घेते ते तुम्ही दाबून काढता आहात. हे काम कंटाळवाणे आहे, पण सोफा वाचतो तो इथेच.

डोके टेकायची काळी जागा म्हणजे केसांचे तेल आणि घाम. तिला फेसाआधी कोरडे पीठ लागते. तांदळाचे पीठ किंवा टाल्कम पावडर दाबून लावा, रात्रभर ठेवा, सकाळी ब्रशने काढा. पीठ पिवळसर झालेले दिसेल. पुन्हा एकदा लावा. मग फेस.

जुने वळ काढायचे असतील तर ती पूर्ण बाजू शिवणीपासून शिवणीपर्यंत फवाऱ्याने एकसारखी, अगदी हलकी ओलसर करा, टॉवेल दाबा आणि पंख्याने पटकन वाळवा.

तिफण
रंधाभाऊ, खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून टाकले की फसफसते आणि मळ वर येतो, असे व्हिडिओत दाखवतात. ते सोफ्याला चालेल का?

रंधा
नाही. मळ वर येताना दिसतो तो फक्त फेसच आहे.

खारेपाणी
थोडे फोडून सांगतो. सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. दोन्ही एकत्र आले की एकमेकांना मारतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो तो फसफसाट, आणि मागे उरते पाणी व एक साधे क्षार. सोड्याचा वास ओढण्याचा गुण गेला आणि व्हिनेगरचा आंबटपणाही गेला. दोन्ही उपयोगाचे आहेत, पण वेगवेगळे. व्हिनेगर आधी, ते वाळल्यावर सोडा भुरभुरवा, काही तासांनी झाडून काढा.

याहून महत्त्वाचे म्हणजे ब्लीच, मग ते बाटलीतले असो की ब्लीचिंग पावडर, व्हिनेगर, लिंबू, लिंबूसत्व किंवा संडास साफ करायच्या अ‍ॅसिडसोबत कधीही नाही. क्लोरीन वायू निघतो, बंद खोलीत जीवावर बेततो. लघवीच्या गादीवरही ब्लीच नको. जुन्या लघवीत अमोनिया असतो आणि त्याच्यासोबतही विषारी वायू होतो.

रुईपिंजण
गादीवर मी लिहितो.

रुईची गादी धुता येत नाही, हे पक्के. रुई आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरते, आत गोळे होतात, आणि चार दिवसांच्या उन्हातही मधला भाग वाळत नाही. वरून कोरडी, आत कुजकी. मळलेली गादी असेल तर खोळ उसवा, रुई काढून उन्हात पसरा, खोळ धुवा, रुई पिंजून घ्या आणि परत भरा. पिंजारी गावात येतो तेव्हाच करून घेतले तर बरे. जुनी रुई पिंजताना थोडी झडते, म्हणून तेवढी नवी घालावी लागते. ती आपल्याच घरची, सरकी काढलेली असेल तर खर्च फक्त पिंजाईचा आणि टाक्यांचा.

काटेसावरीच्या कापसाच्या उशा असतील तर तो कापूस धुण्याच्या भानगडीत पडू नका. त्याच्यावर मेणासारखा थर असतो, पाणी लवकर शिरत नाही आणि शिरले की पुन्हा फुलत नाही. खोळ धुवा, कापूस जाळीदार कापडात बांधून उन्हात हलवा. काथ्याची गादीही भिजवायची नाही.

गादी उसवायची नसेल आणि फक्त डाग व वास काढायचा असेल तर उन्हात टाका, दोन-दोन तासांनी पलटा, दोन्ही बाजू हातपट्टीने बडवा. मग खाण्याचा सोडा चाळणीतून भुरभुरवा. डबल गादीला दोन वाट्या. पाच तास ठेवून ब्रशने काढा.

लहान मुलाची लघवी ताजी असेल तर आधी कोरडे फडके दाबा, चोळू नका. समान पाणी घातलेले व्हिनेगर फवाऱ्याने हलके मारा, पुन्हा दाबा, उन्हात पूर्ण वाळवा. डाग उरला तर मेडिकलमध्ये मिळते ते हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या. बाटलीवर बहुतेक ६ टक्के लिहिलेले असते, त्यात तेवढेच पाणी मिसळा. त्याच्या एका वाटीत एक मोठा चमचा खाण्याचा सोडा आणि भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब. लगेच वापरा, उरलेले ओतून द्या. झाकण लावून ठेवले तर आत वायू साचून बाटली फुटते. रंगीत खोळीवर आधी कोपऱ्यात बघा, हे रंग उडवते.

पळसफूल
डागांचा एकेक उपाय सांगाल का? हळद, खर्रा (सुपारी-तंबाखू-चुन्याचा), बैलगाडीचे वंगण, गंज, रक्त.

सुईदोरा
हळद. साबण लागला की डाग लाल होतो, घाबरू नका. हळदीतला रंग अल्कलीत लाल आणि आंबटात पुन्हा पिवळा. साबणाने धुवा, खळबळा आणि ओलसर असतानाच कडक उन्हात टाका. ऊन हळदीचा रंग मोडते. एका उन्हात फिका होतो, तिसऱ्या दिवशी बहुतेक जातो. सोफ्याच्या हातावर असेल तर सोफाच अंगणात काढावा लागेल.

रक्त, दूध, अंडे यांना गार पाणीच. गरम पाण्याने ते शिजते आणि धाग्याला धरते. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी हात पोळेल इतके तापते, म्हणून रक्ताच्या डागाला नळाचे नको, माठातले नाहीतर विहिरीतून ताजे काढलेले घ्या. बाकी तेलकट गोधडी भिजवायला तेच टाकीचे पाणी फुकटचे गरम पाणी आहे, दुपारी दोनला भरून घ्या.

खारेपाणी
खर्रा. सुपारीच्या रंगाला चुना लागला की तो लाल-तपकिरी आणि गडद होतो. त्यावर साबण किंवा सोडा म्हणजे आणखी अल्कली, डाग अधिक पक्का. म्हणून आधी आंबट. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावा, दहा मिनिटे थांबा, पाण्याने काढा, मग पावडर, आणि पांढरे कापड असेल तर शेवटी पातळ पेरॉक्साइड. चहाच्या डागालाही वडीचा साबण आधी लावू नका.

गंज. लोखंडी पलंगाचे पाय आणि पडद्यांचे हूक हे मुख्य कारण. लिंबू पिळा, वर मीठ दाबा, उन्हात ठेवा, सुकले की पुन्हा पिळा. लिंबूसत्वाचा एक लहान चमचा अर्ध्या वाटी कोमट पाण्यात, तेही चालते. गंजावर ब्लीच मारू नका, डाग आणखी गडद होतो. पडदा धुण्याअगोदर हूक काढायचेच.

निंबोणी
वंगणाचे मी सांगते. आधी पाणी नाही. चमच्याच्या पाठीने जेवढे खरडता येईल तेवढे खरडा. डागाखाली जुने फडके ठेवा. गोडेतेल चोळून वंगण नरम करा, दहा मिनिटांनी कोरडे पीठ टाकून टिपून घ्या, मग भांड्यांचे लिक्विड थेट डागावर, पाणी न घालता, बोटाने चोळा. पाणी सगळ्यात शेवटी. रॉकेलने वंगण सुटते हे खरे, पण ते फक्त अंगणात, चूल-विडीपासून लांब आणि फक्त दरीसारख्या सुट्या कापडाला. फोमला रॉकेल लागले तर वास महिनोन् महिने जात नाही.

काळ्या मातीचा ओला चिखल उडाला असेल तर हात लावू नका. पूर्ण वाळू द्या, नखाने पापुद्रा उचला, ब्रश करा, मग धुवा.

तिफण
नवारीचा पलंग आणि ढेकूण राहिले.

रंधा
नवार काढायच्या आधी मोबाइलवर विणीचा फोटो काढा, दोन्ही बाजूंनी. काढून तासभर पावडरच्या पाण्यात भिजवा, फळीवर पसरवून ब्रश करा. पूर्ण वाळल्याशिवाय विणू नका. ओली सुती नवार आखडलेली असते, तशीच ताणून विणली तर वाळल्यावर ढिली पडते आणि मधोमध झोळ येतो.

ढेकूण. ५० अंश सेल्सिअसच्या वर उष्णता पोचली की ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. चादरी, खोळी, उशांची अभ्रे गरम पाण्यात धुवा, किंवा काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत सैल भरून, तोंड बांधून मे महिन्याच्या उन्हात फरशीवर दिवसभर ठेवा, मधे एकदा पलटा. जाड गादीत मात्र उन्हाने आत तेवढी उष्णता पोचत नाही, ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतो. तिथे शिवणी, टाक्यांचे खड्डे आणि कोपरे ब्रशने हाताने साफ करावे लागतात. पलंगाच्या सांध्यात उकळते पाणी ओता, आठ-दहा दिवसांनी पुन्हा, कारण राहिलेली अंडी त्या काळात फुटतात.

पळसफूल
वाळवण्यासाठी एक सुचवू का? घरात कूलर आहे सगळ्यांच्याच. पंप बंद करून नुसता पंखा लावला तर?

निंबोणी
अगदी चालते, फार चांगला उपाय आहे. पंप बंद, टाकीत पाणी नाही, वाळ्याच्या ताट्या पूर्ण कोरड्या. कूलर सोफ्यापासून तीन-चार फुटांवर, आणि समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, नाहीतर ओली हवा खोलीतच फिरते. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग आहे का ते आधी बघा. ओल्या फरशीवर उभे राहून हात लावू नका, मुलांना लांब ठेवा. सोफा सकाळी आठला धुवायला घ्या म्हणजे संध्याकाळी वाळलेला असतो. वाळला की नाही हे वरून कळत नाही. कोरड्या कागदाची घडी शिवणीत दाबून अर्धा तास ठेवा, कागद मऊ पडला तर आत ओल आहे.

याच कूलरमुळे जून महिन्यात पडद्यांना आणि भिंतीकडच्या गादीला बुरशीचे काळे ठिपके येतात, तेही लिहून ठेवते. कूलरच्या समोर गादी नको. ठिपके आले तर घरात झटकू नका, बीज सगळीकडे उडते. अंगणात, नाकाला फडके बांधून कोरडा ब्रश, मग व्हिनेगर, मग ऊन. पांढऱ्या सुती कापडाला १० लिटरमध्ये १०० मिली बाटलीतले ब्लीच, दहा मिनिटे, आणि भरपूर पाण्याने काढा. या दिवशी व्हिनेगर नाही, त्यातले एकच काहीतरी.

खारेपाणी
एक विनंती सगळ्यांना. सोड्याचे आणि पावडरचे पाणी रोज त्याच केळीच्या किंवा लिंबाच्या आळ्यात सोडू नका. त्यातला सोडियम काळ्या मातीत साचतो, माती बंद होते, पाणी मुरत नाही, जमीन चोपण होते. आपल्या खारपाणपट्ट्यात जमीन आधीच त्या वाटेवर आहे. शेवटच्या खळबळण्याचे पाणी झाडांना द्या, पहिले काळे पाणी शोषखड्ड्यात. नाल्यात आणि गुरांच्या पाणवठ्यावर तर नकोच.

तिफण
शेवटचा प्रश्न. आमचा सोफा रेक्झिनचा आहे, त्याला भेगा पडायला लागल्या. कशाने पुसावा?

रंधा
भेगा पडल्या म्हणजे रेक्झिनमधला मऊपणा देणारा पदार्थ निघून गेला. ऊन, रॉकेल, स्पिरिट, थिनर आणि खोबरेल तेल, सगळ्यांनी तो जातो. चकाकीसाठी तेल लावणे आधी बंद करा. कोमट पाण्यात लिक्विडचे दोन थेंब, पिळलेले फडके, मग साधे फडके, मग कोरडे. भेगेतून पाणी आत जाऊ देऊ नका. आत जुना फोम असेल तर तो पिठासारखा झालेला असतो, ओला झाला की पिवळे पाणी भेगेतून बाहेर येते. तेवढ्या भागावर जाड सुती कव्हर शिवून घ्या, नाडी लावून, म्हणजे काढून धुता येईल. कव्हरचे कापड आधी एकदा धुऊन, आटवून मगच मापाला कापा.